दुसरा चतुर

“पंख धरायचे. चारही पंख पाठीवर मिटायचे आणि चिमटीत धरायचे. अंगाला बोट लावायचं नाही. कळलं?”

“कळलं,” वृंदा म्हणाली.

“परत सांग बघू.”

माझी धाकटी बहीण पोस्टात बचत खात्याच्या खिडकीमागे बसायची आणि दिवसभर माणसांच्या सह्या जुळवायची. तिने शहाण्या मुलीसारखं परत सांगितलं. हृषीकेश वालावलकरने आधी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि मग माझ्याकडे. ते कौतुक मीही टिपून घ्यावं अशी त्याची अपेक्षा दिसली. मी टिपलं. टिपणं हाच माझा धंदा होता. तेव्हा मी कोल्हापूरच्या एका दैनिकात बातमीदार होते.

“अंगाला का नाही लावायचं, सांगतो ना ताई,” तो मला म्हणाला. मला ताई म्हणायची परवानगी त्याला अजून कोणी दिली नव्हती. “हा निळा दिसतो तो याचा रंगच नव्हे. जांभळावर कसा पांढुरका बुरा असतो, तसा बुरा आहे हा. खाली सगळं काळं. बोट लागलं की पुसला जातो. आणि एकदा पुसला की झालं! मग ओळखणार कशावरून?”

गणपती होऊन गेले होते. कुडाळपासून तासाभराच्या अंतरावरच्या त्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खळग्यांतून पाणी साठलं होतं आणि प्रत्येक डबक्यावर चतुर घिरट्या घालत होते. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. इथे मात्र कुडाळ-सावंतवाडीकडची चार-सहा शिकलेली माणसं जाळी आणि कॅमेरे घेऊन, ओणवी होऊन त्यांच्या मागे धावत होती आणि एकमेकांना “तोंड काळं आहे का बघ, तोंड!” असं ओरडत होती. मंडळाचं नाव ‘पाणवठा’. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी अशी ओणवी होत.

आम्ही दोघी तिथे होतो त्याला कारण हृषीकेशचं स्थळ. चहापोह्यांचा कार्यक्रम आधल्या आठवड्यात पार पडला होता. मुलगा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, सावंतवाडीत स्वतःचं घर, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. आईला एवढं पुरेसं होतं. त्याच्या आईने सांगितलं होतं, रविवारी मुलं एकत्र फिरून येऊ देत आणि संध्याकाळपर्यंत कळवा, पुढे दुसरं एक स्थळ खोळंबलंय. आमच्या आईला धडकी भरायला तेवढं पुरलं. निघताना तिने मला दारात गाठलं होतं.

“बरोबर जातेस ते ठीक. पण तिथे जाऊन प्रश्न विचारत बसू नकोस. तुझं तर झालं नाही, तिचं तरी होऊ दे.”

मी प्रश्न विचारले नाहीत. विचारायची गरजच पडत नव्हती. हृषीकेश आपणहून बोलत होता आणि त्याला मधे थांबवणं पाप वाटावं इतक्या प्रेमाने स्वतःचं बोलणं ऐकत होता. तीन निळे चतुर इथे हुबेहूब सारखे दिसतात, त्याने सांगितलं. एकाचं तोंड काळं आणि मागच्या पंखाच्या बुडाशी मोठा काळा डाग. दुसऱ्याच्या पंखाच्या बुडाशी नुसती पिवळसर झाक. तिसऱ्याचं तोंडच फिकट. शिवाय त्यांची तरुण नर पिल्लावळ मादीसारखी पिवळी दिसते, म्हणजे तिनाचे सहा होतात. “लोक दहा-दहा वर्षं चुकतात. मला पहिल्याच वर्षी जमलं.”

“तुम्ही कधीच चुकला नाहीत?” वृंदाने विचारलं.

“चूक होते ती घाईने. मी घाई करत नाही.”

“पिल्लावळ नव्हे, वालावलकर,” मागून आवाज आला. “चतुराचं पिल्लू पाण्यात असतं. पंख फुटल्यावर पिल्लू म्हणत नाहीत. तुमच्या विद्यार्थ्यांचं काय होत असेल देव जाणे.”

या सामंत डॉक्टर. दातांच्या. मंडळ त्यांनी काढलेलं, मंडळाचे नियम त्यांचे आणि मंडळाचा चहासुद्धा त्यांच्याच थर्मासमधला. साठीच्या बाई, डोक्याला पंचा बांधलेला, गळ्यात दवाखान्यातलं भिंग. त्या माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघत, त्यामुळे समोरचा आपोआप तोंड मिटून घेई. हृषीकेशवर मात्र या इलाजाचा काही परिणाम झालेला दिसला नाही.

“नियम सांगितलात का पाहुण्यांना?” त्यांनी विचारलं.

“एक दिसला तर भास, दोन दिसले तर नोंद,” हृषीकेश पाठ म्हटल्यासारखा म्हणाला. मग वृंदाकडे वळून, “म्हणजे वेगळं काही दिसलं तर एकावर विश्वास ठेवायचा नाही. दुसरा मिळायला हवा, आणि तो दोघांनी पाहायला हवा.”

“चांगला नियम आहे,” वृंदा म्हणाली.

मला तो आवडला. आमच्या कचेरीतही तोच होता, फक्त पाळला कमी जायचा.

उन्हं तापायच्या सुमाराला हृषीकेशची आरोळी आली. तो मोठ्या डबक्याच्या काठावर गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या चिमटीत एक निळा चतुर होता. पंख अगदी नियमाप्रमाणे मिटलेले. सगळे धावले.

“पाहा! कमरेवर पाहा. दोन्ही बाजूंना.”

चतुराचं निळं अंग मधोमध दोन्ही बाजूंनी काळपट झालं होतं, कुणी कोळशाची बोटं ओढावीत तसं.

“असे पट्टे तिघांपैकी एकालाही नसतात,” हृषीकेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “कुठल्याही पुस्तकात नाहीत. हा चौथा आहे. नवीन जात!”

“पुस्तकात तुम्हीसुद्धा नाही,” सामंत डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून काय तुम्ही नवीन जात होता?”

हसू पिकलं. हृषीकेश हसला नाही. डॉक्टरांनी चतुराला कागदाच्या त्रिकोणी पाकिटात सरकवलं, पाकीट जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि डबा आपल्या मांडीशी घेतला. “दुसरा आणा. मग भिंग लावते.”

“आणतो,” तो म्हणाला.

घावणे आणि चटणी खाताना तो वृंदाच्या शेजारी बसला. मी पाठमोरी होते, बहिरी नव्हते.

“बंगळूरला डिसेंबरात परिषद आहे. हा चतुर घेऊन गेलो ना, तर नुसतं कॉलेज नाही, देशभर नाव होईल. आणि माहितेय, नव्या जातीला नाव शोधणारा देतो.”

“तुमचंच का?”

“स्वतःचं देत नाहीत. तुझं देईन.”

मी वळून पाहिलं तर वृंदाचे कान लाल झाले होते. लग्नाआधी मुलीला अंगठी, साडी, फार तर घड्याळ देतात. या माणसाने कीटक देऊ केला होता, तोही अजून हातात नसलेला. आणि माझी बहीण विरघळली होती! आज संध्याकाळी ही हो म्हणणार, हे मी तेव्हाच मनाशी धरलं. मला तिचाही राग आला. रोज खोट्या सह्या पकडणारी बाई, आणि एका वाक्यावर गेली.

जेवणानंतर हृषीकेश जाळं घेऊन उठला. “पलीकडच्या डबक्यावर जातो. गर्दी नको, बुजतात ते. वृंदा, तू चल. दोघांनी पाहायला हवा ना.”

ती गेली. ते डबकं उताराच्या टोकाला होतं. कातळावरून मला दोघं दिसत होती. तो पुढे, ती चार पावलं मागे. जाळं दोनदा रिकामं फिरलं. तिसऱ्या खेपेला तो खाली बसला. बराच वेळ बसला. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि वृंदा त्याच्या बाजूला उभी राहून खाली बघत होती.

“तुमच्या बहिणीला आवडतात चतुर?” सामंत डॉक्टरांनी मला चहा देत विचारलं.

“चतुर की वालावलकर?”

त्या माझ्या दातांकडे बघत म्हणाल्या, “दोन्हींना लांबूनच बघावं असं माझं मत.”

तो परत आला तेव्हा पळतच आला. “मिळाला! अगदी तसाच. पट्ट्यांसकट!” पाकीट त्याने डॉक्टरांच्या हातात दिलं आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याची पँट गडद निळी होती. उजव्या मांडीवर, हात पुसावा त्या जागी, राखाडी फराटा होता. सकाळी नव्हता. बुरा अंगाला हात लावला तरच हाताला येतो, आणि अंगाला बोट लावायचं नाही, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

फराटा हा पुरावा नव्हे. कातळावर बसलं की काहीही लागतं कपड्यांना. शिवाय आई दारात उभी राहून सांगत होती, प्रश्न विचारू नकोस. वृंदा मागून सावकाश चालत आली आणि माझ्याकडे न बघता बाजूला उभी राहिली.

डॉक्टरांनी डबा उघडला. एका हातात पहिला चतुर धरला, दुसऱ्या हातात दुसरा आणि भिंग कुणाला तरी धरायला लावलं. सगळे त्यांच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. त्यांनी दोन्ही चतुरांच्या कमरा आळीपाळीने भिंगाखाली आणल्या.

मग म्हणाल्या, “चेडवा, तू बघलंस ना गो? पकडला तेव्हाच पट्टे होते याला?”

सगळ्यांच्या माना वृंदाकडे वळल्या. हृषीकेशचीही. तो हसत होता.

“हो,” वृंदा म्हणाली. “होते.”

त्याने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

“हं,” डॉक्टर म्हणाल्या. “आता बघा सगळ्यांनी. पहिल्याचा पट्टा म्हणजे रेघा आहेत. बारीक ओरखडे, एकाला एक लागून. जोडी जमते तेव्हा मादी आपल्या पायांनी नराची कंबर आवळून धरते. पायांना काटे असतात, बुरा खरवडून निघतो. हा आपला जुनाच, काळ्या तोंडाचा. दोन-चार लग्नं करून दमलाय बिचारा. नवीन जात कसली!”

कुणी तरी फिस्सकन हसलं. त्या हसल्या नाहीत. दुसरा हात पुढे केला.

“आणि याच्या अंगावर एक ओरखडा नाही. फळा पुसावा तसा सपाट पुसलाय, दोन्ही बाजूंना, अंगठा आणि बोट मावेल एवढाच. यालाही कुणी तरी धरलंय. पण मादीने नव्हे.”

मी हृषीकेशकडे बघत होते. माणूस चोरी पकडली गेल्यावर काय करतो हे मी कोर्टाच्या आवारात पुष्कळ पाहिलं होतं. कुणी रडतो, कुणी चिडतो, कुणी वकिलाकडे बघतो. याने माझ्या बहिणीकडे पाहिलं.

“वृंदा,” तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, “मी जाळं गुंडाळताना तुझ्याकडे दिला होता ना क्षणभर? तेव्हा धरलास का अंगाला?” मग सगळ्यांना उद्देशून, “नवशिकी आहे हो. सकाळपासून सांगतोय पंख धर, पंख धर. जाऊ दे. होतं असं.”

क्षमा करून मोकळा झाला! त्याच्या मांडीवरचा फराटा माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो उदारपणे माझ्या बहिणीला क्षमा करत होता. मी तोंड उघडलं. तेवढ्यात वृंदा बोलली.

“माझ्याच हातून झालं असेल,” ती म्हणाली.

मी तोंड मिटलं. त्या क्षणी मला तिच्याबद्दल जे वाटलं ते कीव म्हणण्यासारखंसुद्धा नव्हतं. अशा बायका मी घराघरांत पाहिल्या होत्या. नवऱ्याने ताट आपटलं तर आमटी आपणच खारट केली म्हणणाऱ्या. अजून तर हा नवराही झाला नव्हता.

सामंत डॉक्टरांनी पहिल्यांदाच कुणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं. वृंदाच्या. मग दुसरा चतुर तिच्यापुढे धरला. “घे. तूच सोड.”

तिने चारही पंख चिमटीत धरले, काठापर्यंत नेला आणि सोडला. तिची बोटं स्वच्छ राहिली. चतुर लव्हाळ्याच्या टोकावर जाऊन बसला. लगेच दुसऱ्या एका निळ्या चतुराने त्याला तिथून हुसकावलं.

परतीच्या जीपमध्ये हृषीकेश पुढे बसला होता आणि ड्रायव्हरला चतुरांचं स्थलांतर समजावून सांगत होता. कुडाळ एस्टी स्टँडवर उतरताना तो वृंदाला म्हणाला, “मनाला लावून घेऊ नकोस. शिकशील. आईंना सांग, संध्याकाळी फोनची वाट बघतोय.”

“सांगते,” ती म्हणाली.

एस्टीत मी तिच्याकडे न बघता बोलले. “तू त्या चतुराला हात लावला नव्हतास.”

“नाही.”

“तुझ्याकडे दिलासुद्धा नव्हता.”

“नाही.”

“मग तिथे ‘हो’ कशाला म्हणालीस? पट्टे होते म्हणून कशाला सांगितलंस? आणि वर त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतलंस! अक्कल कुठे गहाण ठेवलीस?”

“ताई, डोकं दुखतंय,” ती म्हणाली आणि खिडकीला कपाळ टेकवून तिने डोळे मिटले.

घरी आईने दिवा लावला होता आणि फोनवरचा क्रोशाचा रुमाल काढून घडी करून ठेवला होता. चप्पल काढायच्या आत तिने विचारलं, “काय ठरलं? मी फोन लावू?”

“मी लावते,” वृंदा म्हणाली.

“अगं, मुली स्वतः फोन करतात का? ते काय म्हणतील?”

“विचारते त्यांना, काय म्हणता म्हणून.” ती बसली नाही. उभ्यानेच नंबर फिरवला. आई पदराचं टोक बोटांत धरून बसली. मी दाराशी टेकून उभी राहिले, कारण मला बसून ऐकण्याइतकंही त्यात काही उरलं आहे असं वाटत नव्हतं.

“नमस्कार, वृंदा नेरुरकर बोलतेय. हृषीकेश आहेत का? द्या ना त्यांना.” ती थांबली. “हो, मीच. नाही, डोकं दुखत होतं, आता बरं आहे. तुम्हाला उत्तर द्यायचं होतं. त्याआधी एक सांगते. तुमचा सकाळचा नियम मला फार पटला. एकावर विश्वास ठेवायचा नाही. डबक्यावर तुम्ही चतुराला अंगठा चोळलात तेव्हा मी शेजारीच उभी होते. तुम्ही मान वर करून पाहिलं नाहीत. मला वाटलं, भास असेल. उत्साहात होतं माणसाच्या हातून. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी ‘हो’ म्हणाले. तुम्ही स्वतःच सांगाल असंही वाटलं होतं. मग तुम्ही माझं नाव घेतलंत.”

पलीकडून काही तरी भराभरा बोलणं चाललं होतं. तिने ते पुरतं ऐकून घेतलं. खिडकीतून पुढे सरकवलेला फॉर्म ती जेवढा वेळ बघत असेल, तेवढाच वेळ.

“नाही, रागावले नाही,” ती म्हणाली. “पण दोन झाले ना. त्यामुळे नोंद केली.”

तिने फोन ठेवला.

“काय नोंद?” आई म्हणाली. “लग्नाची? कुठे? काय म्हणालीस तू त्यांना?”

“नाही म्हणाले, आई.”

आईने आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग, सवयीने, माझ्याकडे. “तूच शिकवलंस हे तिला.”

मी काही शिकवलं नव्हतं. पण त्या घरात त्या वेळी ते खरं मानलं जाणार नव्हतं.

“तिथेच का नाही बोललीस?” मी नंतर स्वयंपाकघरात विचारलं. ती भात बघत होती.

“तिथे बोलले असते तर त्याला वाटलं असतं, चारचौघांत लाजवलं म्हणून नाही म्हणाली. आता कारण कळलं ना त्याला.” तिने भाताचं शीत दाबून पाहिलं. “आणि तू माझ्यावर इतकी का भडकली होतीस?”

भात शिजला होता. मी ताटं घेतली.

वालावलकर पुढे प्राचार्य झाला. मी आता कोल्हापुरात नव्हे, पुण्यात रविवारची पुरवणी बघते. दरवर्षी भाद्रपदात त्याचा एक लेख टपालातून येतो, ‘आपले मित्र चतुर’ या धर्तीचा. त्यात तीन निळे चतुर कसे ओळखावेत ते असतं, तोंड, पंखाचं बूड, सगळं. माहिती बिनचूक असते. दर वेळी एक वाक्य असतंच : चतुराला धरायचंच झालं तर पंखांना धरावं, अंगाला बोट लावू नये. मी जागा पाहून इकडचा-तिकडचा मजकूर कापते. ते वाक्य आजवर कधी कापलं नाही.

मागच्या लेखासोबत त्याने स्वतःचा फोटोही पाठवला होता. चिमटीत निळा चतुर, पंख नियमाप्रमाणे मिटलेले, चेहऱ्यावर हसू. वृंदा तेव्हा तिच्या लेकीला घेऊन माझ्याकडे आली होती. मी पुरवणी तिच्यापुढे टाकली. तिने चष्मा वर सरकवला, फोटो जरा उजेडाकडे धरला आणि पोस्टाच्या खिडकीवर रोज सही पाहून म्हणते तसं म्हणाली, “जुळतंय.”

मग पान उलटून ती शब्दकोडं शोधू लागली.